काकवीचे मूनकेक, कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पंधरावी रात्र म्हणजे झोंगच्यू, शरदातली पौर्णिमा. कधी ती अनंत चतुर्दशीच्या आसपास येते, तर कधी थेट कोजागिरीला. २०२५ साली ६ ऑक्टोबरला दोन्ही सण एकाच रात्री होते. सुगीत चंद्र पूजायची चाल तिकडे फार जुनी. सोंग राजवटीत तिला ठरलेल्या सणाचं रूप आलं.

पोरांना गोष्ट सांगायचीच. आकाशात दहा सूर्य तापत होते, होऊ यी नावाच्या तिरंदाजानं बाण मारून नऊ पाडले. त्याला मिळालेलं अमृत बायको छांगअ प्याली आणि चंद्रावर गेली. तिथं तिच्या सोबतीला औषध कुटणारा ससा. चंद्रावरचा ससा आपल्या पोरांच्याही ओळखीचा, त्यामुळं ती लगेच रमतात.

आता मूनकेक, म्हणजे या सणाला खायचा, सारण भरून साच्यात दाबून भाजलेला गोड पदार्थ. दक्षिण चीनमध्ये त्याच्या पारीत साखरेचा मुरवलेला पाक घालतात. मी काकवी घालते, आणि माझ्या मते कोल्हापुरात दुसरं काही घालूच नये. या दिवसांत गुऱ्हाळं पेटलेली नसतात, म्हणून गेल्या हंगामातली ठेवणीतली काढा. पातळ असेल तर मधाएवढी दाट होईतो आटवा, गार करा. १०० ग्रॅम मैद्याला ७० ग्रॅम काकवी, २५ ग्रॅम शेंगतेल, चिमूटभर खायचा सोडा. फार मळू नका. गोळा करून दोन तास झाकून ठेवा.

सारण लाल चवळीचं. शिजवून, वाटून, गूळ आणि तेल घालून पुरणासारखं आटवा. झारा उभा राहिला पाहिजे. ओलसर राहिलं तर पारी फुटलीच म्हणून समजा. एका मूनकेकला पारी ३० ग्रॅम, सारण ७० ग्रॅम. साच्यात दाबून काढा, पाण्याचा हलका हबका मारा आणि १८० अंशावर आठ मिनिटं भाजा. बाहेर काढून निववा, अंड्याचा बलक अगदी पातळ फिरवा (अंडं चालत नसेल तर दूध), मग पुन्हा बारा-पंधरा मिनिटं.

भट्टीतून निघाल्यावर पारी कडक लागते. घाबरू नका, डब्यात दोन दिवस ठेवा. सारणातलं तेल पारीत उतरतं, ती मऊ पडते, वर चकाकी येते. म्हणून पौर्णिमेच्या दोन दिवस आधीच करा.

घरात जितकी माणसं तितके तुकडे. सोबत बिनसाखरेचा कोरा चहा आणि पपनस. हे फळ त्यांच्याही सणाचं, आणि आपल्याकडं गणपतीत बाजारात येतंच. साल अखंड सोलली तर पोरांना टोपी होते.