क्रमवारीत मागे असलेल्या टेनिसपटूची कारकीर्द कशी वाचावी

‘सर्वोच्च क्रमवारी’चा आकडा आधी बाजूला ठेवा. तो एका सोमवारचा असतो. खेळाडू तिथे किती टिकला, हे त्यातून कळत नाही.

पुरुष एकेरीची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. म्हणून वर्षनिहाय निकाल उघडा आणि प्रत्येक स्पर्धेपुढे तिचा स्तर लिहा. सध्या एम-१५ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या पुरुषांच्या छोट्या स्पर्धा) ही तळाची पायरी, तिच्यावर एम-२५. ३२ जणांच्या मुख्य फेरीत सलग पाच सामने जिंकले की १५ गुण. उपविजेत्याला ८, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ४. एम-२५च्या विजेत्याला २५, त्यावरच्या चॅलेंजर स्तरातल्या विजेत्याला ५० ते १७५. त्यामुळे ‘विजेतेपदं सहा’ एवढ्यावर मत बनवू नका. जुन्या हंगामाला त्याच वर्षाचा गुणतक्ता लावा, कारण हे आकडे बदलत आले आहेत.

मग नावापुढची अक्षरं पाहा. ‘क्यू’ म्हणजे पात्रता फेरी जिंकून आलेला, ‘डब्ल्यूसी’ म्हणजे वाइल्ड कार्ड (आयोजकांनी थेट दिलेला प्रवेश), ‘एलएल’ म्हणजे पात्रतेत हरूनही कुणाच्या माघारीमुळे जागा मिळालेला. खरी मेहनत बऱ्याचदा या अक्षरांमागे असते.

ब्रिटिश टेनिसपटू मार्कस विलिसचं २०१६चं विम्बल्डन घ्या. क्रमवारी ७७२. पात्रतेआधीच्या फेरीत तीन आणि पात्रता फेरीत तीन सामने जिंकून तो मुख्य फेरीत आला. तिथे त्याने रिकार्डास बेरांकिसला हरवलं आणि दुसऱ्या फेरीत रॉजर फेडररकडून ०-६, ३-६, ४-६ असा हरला. मुख्य फेरीच्या तक्त्यात मात्र एक विजय, एक पराभव एवढंच दिसतं. त्या वर्षीच्या हिशेबाने त्याला पात्रतेचे २५ आणि दुसऱ्या फेरीचे ४५, असे ७० गुण मिळाले. वर्षभराने ते गळतात. अशा खेळाडूची क्रमवारी घसरलेली दिसली की ‘फॉर्म गेला’ म्हणण्याआधी गेल्या वर्षी त्याच आठवड्यात काय झालं होतं, ते तपासा.

सहा महिन्यांहून मोठा खंड दिसला तर दुखापत असू शकते. परतल्यावर नावापुढे ‘पीआर’ असेल तर खात्री होते: ती संरक्षित क्रमवारी, म्हणजे दुखापतीआधीच्या क्रमवारीवर मिळणारा प्रवेश. ती प्रवेशापुरती चालते, मानांकनासाठी (सीडिंगसाठी) नाही.

जय-पराजय मोजताना वॉकओव्हर (प्रतिस्पर्धी न खेळल्याने मिळालेली पुढची चाल) धरू नका. प्रतिस्पर्ध्याने अर्धवट सोडलेला सामना धरा.

दुहेरीचं पान वेगळं उघडा. २०१७ला याच विलिसने जे क्लार्कसोबत विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत गतविजेत्या एर्बेर-माहू जोडीला हरवलं, आणि एकेरीच्या पानावर त्याचा मागमूसही नाही.