छाटणीच्या हंगामात औषध उंबऱ्याच्या आत आणू नका

तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे पन्नास-साठ दिवस घराघरात एकच विषय, डाऊनी हा बुरशीचा रोग. परतीचा पाऊस रेंगाळला तर फवारणीचा ब्लोअर दिवसाआड फिरतो, फुलोऱ्यात ढग दाटले तर रोज. काय मारायचं हे सांगायला माणसं पुष्कळ आहेत. मारून झाल्यावर टाकी, बाटली, कपडे यांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि चांगल्या बागा न धुतलेल्या टाकीपायी गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आपल्याकडं बागेला लागूनच ऊस असतो. उसात २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप वरवर विसळून बागेत आणला की आठवड्याभरात कोवळी पानं आखडतात, शिरा जवळजवळ येतात, शेंडे वाकडे होतात, घड वाया जातात. द्राक्षवेल २,४-डी ला फार हळवी आहे. दुकानदार हे बघून व्हायरस म्हणतो, अन्नद्रव्याची कमतरता म्हणतो आणि आणखी दोन बाटल्या देतो. तणनाशकाचा पंप, बादली, मोजमापाचं भांडं कायम वेगळं ठेवा. त्यावर लाल रंगानं खूण करा. धुऊन तोच वापरू, हा विचार सोडा.

जे टाकीत राहतं तेच कपड्यात, ट्रॅक्टरच्या सीटवर आणि चपलेच्या तळाला राहतं. ते घरी येतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या शेतमजुरांच्या २१८ घरांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. हा सफरचंदाच्या बागांचा मुलूख. तिथं तेव्हा फळबागेत मारलं जाणारं, ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अझिनफॉस-मिथाइल शंभरातल्या ८५ घरांच्या धुळीत आणि ८७ गाड्यांच्या धुळीत सापडलं. ज्याच्या गाडीत जास्त, त्याच्या घरातही जास्त. मोठ्यांच्या लघवीत या गटातल्या औषधांचे अंश वाढलेले, तशा घरातल्या मुलांच्या लघवीतही ते वाढलेले दिसले. त्या मुलांनी काही फवारणी केली नव्हती.

बागेत औषधावर ऊन पडतं, पाऊस पडतो, मातीतले जीवाणू त्याचं विघटन करतात. सोप्यात, कॉटखाली, सतरंजीत यातलं काहीच पोचत नाही, म्हणून तिथं ते जास्त काळ टिकतं. रांगणारं लेकरू त्याच फरशीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. वजनाच्या मानानं लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त श्वास घेतं, जास्त पाणी पितं. शिवाय ऑरगॅनोफॉस्फेट औषधं निष्प्रभ करणारं विकर (एन्झाइम) लहानपणी अंगात कमी असतं.

कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात बर्कली विद्यापीठानं शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायकांपासून सुरुवात करून त्यांच्या मुलांकडं वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्याचा एक निष्कर्ष २०११ मध्ये आला. गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत ऑरगॅनोफॉस्फेटचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. एका अभ्यासावरून प्रत्येक घराचं भविष्य सांगता येत नाही, हे खरं. पण आपल्याकडं फवारणीचे कपडे कोण धुतं? बहुतेक घरांत सून धुते, उघड्या हातांनी, पोराच्या झबल्यांसोबत एकाच पाटीत. फवारणाऱ्याला निदान फडकं तरी बांधायला मिळतं, धुणारीला कुणी हातमोजेसुद्धा देत नाही.

तर यंदा एवढं कराच. कपडे बागेतच बदला. शेडमध्ये एक खुंटी, एक झाकणाची बादली, साबण आणि पाण्याचा कॅन ठेवा. हात, तोंड, मान, पाय तिथंच धुवा. फवारणीचे बूट-चपला तिथंच राहू देत. कपडे धुताना रबरी हातमोजे घाला, आधी नुसत्या पाण्यातून काढा, ते पाणी विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब मातीत ओता. मग गरम पाणी आणि पावडर, दोनदा. कडक उन्हात वाळवा. जनावरांच्या हौदावर हे कपडे अजिबात नेऊ नका. पाणी न मिसळलेलं औषध कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा धुत बसू नका, फाडून निकामी करा. वास गेला म्हणजे औषध गेलं, असं समजू नका.

ट्रॅक्टर-ब्लोअर दारात उभा करायची सवय मोडा. रात्रभर नोझलमधून थेंब गळतात आणि सकाळी पोरं तिथंच खेळतात. घर झाडताना धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. वस्ती बागेतच असेल तर फवारणीआधी त्या बाजूच्या खिडक्या लावा, घागरी झाका, वाळत घातलेलं धुणं आत घ्या.

रिकामी बाटली. चौथा हिस्सा पाणी घाला, टोपण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. असं तीनदा. मग तळाला खिळ्यानं भोकं पाडा, म्हणजे तिच्यात पुन्हा कुणी तेल-पाणी भरणार नाही. बिहारमध्ये छपराजवळ २०१३ साली शाळेतल्या जेवणानं २३ मुलं दगावली, तिथल्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात की रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. आपल्याकडं ती न्हाणीच्या चुलीत आणि बंबात जातात. त्या धुरात प्लॅस्टिकचं विष असतं आणि औषधाचंही, आणि त्याच धुरात घरातली सगळी आंघोळ करतात. बाटली बंबात घालू नका.

छाटणीनंतरची नेहमीची कामं:
- छाटलेल्या काड्या, जुनी पानं बागेबाहेर
- पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावणे)
- विरळणी, शेंडा मारणे
- बोदातलं पाणी तपासून सिंचन
- वांझ फुटी काढणे

यातलं पेस्टिंग जपून करा. हायड्रोजन सायनामाइडची शिफारस साधारण ३० ते ४० मिली प्रति लिटर आहे, डोळे लवकर फुटावेत म्हणून ती वाढवू नका. पेस्ट लावणाऱ्या प्रत्येकाला कोपरापर्यंतचे हातमोजे द्या. त्या दिवशी, आदल्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंबही नको. या औषधानंतर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, रक्तदाब उतरतो, माणूस कोसळतो. हे पेस्टिंगच्या टोळीला मुकादमामार्फत नव्हे, तुम्ही स्वतः सांगा.

डाऊनीसाठी पोंगा अवस्थेपासून (डोळा फुटून कोवळं पान उलगडायच्या आधीपासून) मॅन्कोझेब ७५ डब्ल्यूपी २ ग्रॅम प्रति लिटर, भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला गंधक ८० डब्ल्यूडीजी २ ग्रॅम प्रति लिटर. आंतरप्रवाही (झाडात शोषली जाणारी) औषधं कधी आणि किती, ते मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यावरून ठरवा, दुकानातल्या शेड्यूलवरून नको. माझा आपला एक अंदाज आहे, तो कुठल्या पुस्तकात नाही: पहाटे बागेतून चालताना दवानं पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला आणि नऊ वाजेपर्यंत ऊन आलं नाही, तर पुढच्या तीन-चार दिवसांत पानाखाली पांढरी बुरशी शोधावी. पान सकाळी दहाच्या आत कोरडं होत असेल तर एक फवारणी वाचवून बघा. वाचलेली प्रत्येक फवारणी म्हणजे घरात न आलेलं औषध.

दुकानात टॉनिकच्या एका बाटलीला जे पैसे जातात त्यात नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, मास्क आणि शेडमधल्या पेटीला कुलूप एवढं सगळं येतं. लेबलवर घटक छापलेला नाही अशी बाटली ‘जैविक’ म्हणून कुणी दिली तर परत करा. पक्कं बिल मागा. लेबलवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेली जास्त विषारी औषधं फडताळात, कॉटखाली, धान्याच्या खोलीत ठेवू नका. धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घातलेलं पोतं माणसं झोपतात त्या खोलीत तर मुळीच नको, त्यातून निघणारा वायू झोपेतच जीव घेतो.

२०१७ ला यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना वीसहून अधिक माणसं गेली. मळमळ, तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होणे, अंगाचे स्नायू उडणे, यातलं काही दिसलं तर ऊन लागलं म्हणून झोपवू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, १०८ ला फोन करा. आणि औषधाची बाटली लेबलासकट बरोबर न्या. ऑरगॅनोफॉस्फेट आहे हे डॉक्टरांना कळलं की अॅट्रोपिन हा उतारा लगेच सुरू करता येतो. म्हणून मूळ बाटलीतलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका.