होमस्टक वाचायचंय, हाइव्हस्वॅप खेळायचाय: सुरुवात कुठून करायची?

परवा भाचा लॅपटॉपवर खेळता खेळता एक चाल गुणगुणत होता. मी म्हटलं, "ही होमस्टकमधली." तो म्हणाला, "नाही गं मावशी, अंडरटेलमधली." दोघंही बरोबर होतो. 'मेगालोव्हेनिया'ची ही चाल टोबी फॉक्सची. २०१५ साली त्याचा अंडरटेल हा गेम आला, त्याआधी तो होमस्टकसाठी संगीत करत होता आणि ही चाल तिथे वाजून गेली होती. मग भाच्याने विचारलं, "वाचायचं कसं ते?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी हे आहे काय? होमस्टक म्हणजे अँड्र्यू हसी यांची वेबकॉमिक, इंटरनेटवर वाचायची चित्रकथा. १३ एप्रिल २००९ ला सुरू झाली, बरोबर सात वर्षांनी त्याच तारखेला संपली. आठ हजारांहून जास्त पानं. चित्रं, लांबलचक चॅट, मधूनच ॲनिमेशन, मधूनच चक्क खेळता येणारं पान.

१. वाचायची जागा नीट निवडा. यात घाई नको. ॲनिमेशन आणि खेळ फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर बनलेले होते आणि २०२० च्या अखेरीस ॲडोबीने फ्लॅश बंद केलं. तेव्हा चाहत्यांनीच सगळं गोळा करून 'अनऑफिशियल होमस्टक कलेक्शन' नावाचं मोफत ॲप तयार केलं. कॉम्प्युटरवर चालतं. सोबतची फाइल काही जीबींची आहे, म्हणून मोबाइल डेटावर उतरवायला जाऊ नका, घरच्या वायफायवर रात्री लावून झोपा. ॲप उघडल्यावर नव्या वाचकांसाठीचा मोड चालू ठेवा. तुम्ही जिथवर पोचलात त्यापुढचं काही तो दाखवत नाही.

लोकलमध्ये वाचू नका. मी डोंबिवली ते सीएसएमटी करून पाहिलंय. दरवेळी आवाजाचं पान आलं की इयरफोन पर्समध्ये आणि पर्स मांडणीवर.

२. चॅट उघडून वाचा. पानाखाली बटण असतं, त्यामागे संवाद दडलेले. कंटाळून ते ओलांडलंत तर कथा हातातून गेली. कोण बोलतंय हे अक्षरांच्या रंगावरून कळतं. मुख्य चार मुलं: जॉन निळा, रोझ जांभळी, डेव्ह लाल, जेड हिरवी. पुढे राखाडी कातडीचे, शिंगवाले ट्रोल नावाचे परग्रहवासी येतात आणि प्रत्येकाची टायपिंगची खोड वेगळी. कारकॅट सगळं कॅपिटलमध्ये ओरडतो, व्रिस्का 'बी'च्या जागी आठचा आकडा टाकते. पहिले दोन दिवस डोळे दुखतात, मग सवय होते.

३. धीर धरा. सुरुवातीला जॉन खोलीतल्या वस्तू उचलतो, ठेवतो, पुन्हा उचलतो. पानंच्या पानं हेच. ट्रोल खऱ्या अर्थाने गोष्ट ताब्यात घेतात ती पाचव्या अंकात, तोवर सोडू नका. एकूण अंक सात. त्यातल्या सहाव्या अंकाच्या पोटात पुन्हा सहा अंक, आणि मधे मध्यंतरं. शिवाजी मंदिरला असं नाटक लागलं असतं तर बटाटेवडे संपले असते.

शिव्या आणि रक्त दोन्ही आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

४. मग हाइव्हस्वॅप, होमस्टकच्याच जगातला कॉम्प्युटर गेम. सप्टेंबर २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर या खेळासाठी ७ लाख डॉलर मागितले होते. जमले जवळपास २५ लाख, तेही २४ हजारांहून जास्त लोकांकडून. पहिला भाग हातात पडायला सप्टेंबर २०१७ उजाडलं, कारण आधी थ्रीडीत चाललेलं काम मोडून टूडीत नव्याने केलं. दुसरा नोव्हेंबर २०२० मध्ये आला. ठरलेत चार. राग येतो, आणि तो रास्तच आहे. पण जे दोन आहेत ते मन लावून केलेले आहेत.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतात, सेलची वाट पाहा. कॉमिक न वाचताही खेळता येतात. १९९४ सालची जोई नावाची मुलगी राक्षसांनी घेरलेल्या घरातून ट्रोलांच्या ग्रहावर जाऊन पडते. खेळताना एक करा: हातातली प्रत्येक वस्तू प्रत्येक गोष्टीवर वापरून पाहा. उपयोग नसला तरी बहुतेक वेळा एखादं तिरकस वाक्य लिहिलेलं सापडतं. निम्मी मजा त्यातच आहे. दुसऱ्या भागात बराचसा प्रवास रेल्वेने, रक्ताच्या रंगानुसार वाटलेल्या डब्यांतून. फर्स्ट क्लासच्या दारात चुकून चढून शंभर नजरा झेलल्या असतील तर हे समजावून सांगायची गरज नाही.

भाच्याने मागच्या रविवारी सुरुवात केली. काल रात्री व्हॉट्सॲप आला: "मावशी, हा जॉन अजून घराबाहेरच पडला नाहीये!"