फराळाच्या पिठापुढे टिकेल असा मिक्सर कसा निवडावा

ठाण्याच्या नौपाड्यात माझं छोटं व्यावसायिक किचन आहे. वर्षभर केक आणि लादीपाव, गणपतीत मोदकांची उकड, दिवाळीत फराळ. स्वतःसाठी पीठ मळायचे-फेटायचे तीन मिक्सर घेतले (चटणी वाटायचे नव्हेत), घणसोली आणि खारघरच्या मैत्रिणींसाठी आणखी चार निवडले. त्यामुळे ‘कुठलाही घ्या, सगळे सारखेच’ असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही.

आधी प्रकार ठरवा. केक, क्रीम, बिस्किटं, थोडं पीठ मळणं असं सगळंच करायचं असेल तर प्लॅनेटरी मिक्सर. यात भांडं जागेवर राहतं आणि बीटर, म्हणजे मिश्रणात फिरणारा भाग, स्वतःभोवती फिरत फिरत भांड्यालाही चक्कर घालतो. दिवसभर फक्त पाव-ब्रेडचं पीठ मळायचं असेल तर स्पायरल घ्या, म्हणजे पिळाच्या हुकचा, भांडंही फिरणारा, खास पिठाचा मिक्सर. मग पुढचं वाचूही नका.

घरगुती टेबलावरचा ५ लिटरचा मिक्सर किचनमध्ये पिठासाठी ‘सध्यापुरता’ चालवू नये. क्रीमसाठी तो उत्तम आहे, पण एकामागून एक पिठाचे घाणे काढायला त्याची मोटर बनलेली नसते.

आता खरा प्रश्न, किती लिटरचा? इथेच मी तोंडावर आपटले होते.

माझा पहिला प्लॅनेटरी १० लिटरचा होता. विकणारा म्हणाला, ‘मॅडम, १० लिटर म्हणजे ६ किलो पीठ आरामात.’ मी आपली सावध, म्हणून ४ किलोच मैदा घातला. दिवाळीला आठ दिवस होते आणि शंकरपाळ्यांचं पीठ होतं. पहिला घाणा निघाला, दुसऱ्याला आवाज बदलला, तिसऱ्याला हुक (पीठ मळायचा आकडा) थांबला आणि मोटर मात्र गुरगुरत राहिली. गिअरचे दात झिजले होते. सुटा भाग आला भाऊबीज उलटून गेल्यावर, तोवर आम्ही तिघी परातीत मळत होतो. गॅरंटी? ‘ओव्हरलोड केलं’ म्हणून नाकारली. आणि ते खरंच होतं, हे जास्त लागलं.

लिटर हे भांड्याचं माप आहे. मोटर आणि गिअर किती ओढतील, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. १० लिटरच्या भांड्यात केकचं मिश्रण भरपूर मावतं, कारण ते सैल असतं. घट्ट पिठात तेच भांडं अर्धं भरलं तरी मशीन दमतं. म्हणून दुकानदाराला एकच विचारा, ‘कोरडं पीठ किती किलो, आणि किती पाण्याचं?’ पाण्याचं प्रमाण न सांगता दिलेला किलोचा आकडा मी ऐकूनच घेत नाही.

हिशोब सोपा आहे. पाण्याचं वजन भागिले पिठाचं वजन, गुणिले शंभर. पावाच्या १ किलो मैद्याला ६०० मिली पाणी लागत असेल तर ६० टक्के. शंकरपाळ्यांना मी १ किलो मैद्याला दूध, तूप आणि साखर प्रत्येकी पाव किलो घेते. तूप-साखरेने पीठ थोडं नरमतं, पण दूध म्हणजे सगळं पाणी नव्हे, म्हणून पाण्याचा भाग २५ टक्क्यांच्याही खालीच. साधारण २० लिटरच्या मशीनवर ५ किलो पिठाची मर्यादा लिहिलेली असते, ती पावासारख्या पिठासाठी समजा. शंकरपाळे, करंजीची पारी, चिरोटे यांना त्याच्या निम्मं, म्हणजे अडीच किलो. पाणी ५० टक्क्यांच्या खाली गेलं की फक्त पहिली गती. घाई झाली म्हणून दुसऱ्या गतीवर टाकलंत तर माझ्यासारखीच दिवाळी होईल.

म्हणजे वर्षातलं तुमचं सगळ्यात घट्ट पीठ कोणतं, त्याचा एक घाणा किती किलोचा, त्यावरून मशीन निवडा. केकवरून निवडू नका. मोदकाची उकड इथे मोजू नका, ती मऊ असते. गरम असतानाच पॅडल (चपटा बीटर) लावून कमी गतीवर फिरवली की झालं.

उलट बाजूही आहे. २० लिटरच्या भांड्यात पाव लिटर क्रीम घातलं तर व्हिस्क (तारांचा फेटणारा बीटर) नुसता वरून फिरतो, तळाला पोचत नाही. म्हणून मोठा २० लिटरचा आणि क्रीमसाठी छोटा ५ लिटरचा, ही जोडी मला सगळ्यात पटते. एकच ‘मधला’ १० लिटरचा घेणारे बहुतेक दोन्हीकडून अडकतात.

दुकानात जाताना २ किलो मैदा घेऊन जा. हो, खरंच. चेहरे वाकडे होतील, होऊ द्या. घट्ट पीठ दहा मिनिटं मळायला लावा, मोटरच्या कव्हरला हात लावून बघा, मशीन टेबलावर सरकतं का ते बघा. पिठाच्या वर मशीनच्या डोक्यातून ग्रीस ठिबकत नाही ना, यासाठी खाली पांढरा कागद धरा. गिअरचं मशीन असेल तर गती बदलण्याआधी ते थांबवायचं. विकणाराच चालू मशीनवर दांडा ओढत असेल तर डेमोचं मशीन विकत घेऊ नका.

भांड्यावरचं जाळीचं झाकण उघडल्यावर मशीन बंद पडलंच पाहिजे. पॅडल ॲल्युमिनियमचं असेल तर आंबट मिश्रण करडं पडतं, स्टीलचं मागा.

वीज कोणती आहे ते मात्र मशीन घेण्याआधी बघा. सोसायटीखालच्या दुकानात बहुधा सिंगल फेज (घरासारखी वीज) असतं, वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या गाळ्यात थ्री फेज (कारखान्याच्या मशीनची वीज) मिळू शकतं. परदेशातून आणलेलं ११० व्होल्टचं मशीन आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलंत तर जळेल. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवंच.

थ्री फेज जोडल्यावर भांडं रिकामं ठेवून एकदा चालवा आणि मशीनच्या डोक्यावरच्या बाणाशी दिशा जुळवा. उलटं फिरत असेल तर इलेक्ट्रिशियनला कोणत्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल करायला सांगा. तो जाण्याआधी.