व्हेरिएबलचं नाव लिहिलं, पण आत टाकलं काय?

लातूरला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना मी पुस्तकातला ‘स्टुडंट’ क्लास (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) फळ्यावर लिहीत नाही. समोरच्या निम्म्या पोरांनी आडतीवर सोयाबीन उतरवलेलं असतं, म्हणून आमचा क्लास ‘पट्टी’, म्हणजे आडतीवरची विक्रीची पावती. आत तीन फील्ड, म्हणजे क्लासची स्वतःची व्हेरिएबल: शेतकरी, वजन, भाव.

आधी साधं. मेथडमध्ये (काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) ‘इंट कट्टे;’ लिहिलं की कंपायलरला, म्हणजे आपला कोड तपासून मशीनसाठी तयार करणाऱ्या प्रोग्रामला, एवढंच कळतं, की कट्टे (पोती) नावाचं व्हेरिएबल, म्हणजे व्हॅल्यू ठेवायची जागा, आहे आणि त्यात पूर्णांक येणार. हे डिक्लेअर करणं. ‘कट्टे = ४०;’ ही पहिली व्हॅल्यू, म्हणजे इनिशियलाइझ करणं. ‘इंट कट्टे = ४०;’ मध्ये दोन्ही उरकतं. (कीवर्ड आणि आकडे टाइप करताना इंग्रजीतच, व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत दिली तरी जावाला चालतात.)

मेथडमधलं व्हेरिएबल व्हॅल्यू न देता वापरलं, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. त्यामुळे तिथं फारसा धोका नाही. खरी गोम फील्डमध्ये आहे. फील्डला तुम्ही काही दिलं नाही तर जावा स्वतःच भरतं: इंटला ०, डबलला (दशांश संख्येला) ०.०, बूलियनला (खरं-खोटं ठेवणाऱ्याला) फॉल्स, ऑब्जेक्टच्या रेफरन्सला नल, म्हणजे ‘ऑब्जेक्टच नाही’. एररही नाही, वॉर्निंगही नाही. वजन गुणिले भाव काढलं, पट्टी छापली, रक्कम शून्य! “सर, कोड तर बरोबर चालायलाय,” असं पोरगं वर म्हणतं.

मग करायचं काय? फील्डना ‘फायनल’ (एकदाच भरायचं, नंतर बदलायचं नाही) लावा: ‘फायनल डबल वजन;’. आता प्रत्येक कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, वजन भरल्याशिवाय कंपायलर सोडत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये लिहायचं ‘धिस.वजन = वजन;’ (डावीकडे फील्ड, उजवीकडे बाहेरून आलेलं पॅरामीटर). तिथं चुकूनही पुढे टाइप लावू नका. पॅरामीटरचं नाव वेगळं असताना ‘डबल वजन = ...’ लिहिलंत की ते नवं लोकल, म्हणजे तिथल्यापुरतं, व्हेरिएबल झालं. फील्ड फायनल नसेल तर फील्ड गुपचूप ०.० वरच राहतं. वजन नंतर बदलणार असेल तर फायनल चालणार नाही, तरी कन्स्ट्रक्टरमध्ये भरायची सवय सोडू नका.

अ‍ॅरेचंही (एकाच प्रकारच्या कप्प्यांच्या रांगेचंही) तसंच. ‘न्यू पट्टी[५०]’ म्हणजे पन्नास पट्ट्या तयार झाल्या असं वाटतं. झालेत पन्नास कप्पे, प्रत्येकात नल. लूप लावून प्रत्येक कप्प्यात ‘न्यू पट्टी(...)’ ठेवायचीच, नाहीतर पहिल्याच मेथड कॉलला नलपॉइंटरएक्सेप्शन, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये एरर.

आणि कंपायलर ओरडला म्हणून त्याला गप्प करायला ‘= ०’ चिकटवू नका. खरी व्हॅल्यू हाती येईल त्याच ओळीवर व्हेरिएबल डिक्लेअर करा. सी प्लस प्लसकडे वळणाऱ्यांनी तर हे आधीच अंगी बाणवावं. तिथं न भरलेलं लोकल इंट वाचलं तर बहुतेक वेळा फार तर वॉर्निंग येते, आणि आत काय निघेल याचा भरवसा नसतो.