वंध्यत्वाच्या ओपीडीतली पहिली भेट कशी घ्यावी

मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याचा केसपेपर बहुधा एकट्या बाईंच्या नावाने निघतो, आणि तपासणीची दिशा तिथेच चुकते. पहिल्याच दिवशी दोघांच्या नावाने कागद काढावेत. वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नसतील तर तपासण्या सुरू कराव्यात. स्त्रीने पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांपेक्षा अधिक थांबू नये.

सोबत सासूबाई असल्यास त्यांना आदराने बाहेर बसण्याची विनंती करावी आणि नवरा-बायकोशी आधी एकत्र, मग एकेकट्याने बोलावे. पूर्वीचा गर्भपात किंवा संबंधांतील अडचण जोडीदारासमोर सांगितली जाईलच असे नाही. पूर्वी क्षयाचे औषध घेतले होते का, हे मुद्दाम विचारावे, कारण जननेंद्रियांचा क्षय कित्येकदा काहीही लक्षण न दाखवता गर्भनलिका बंद करून टाकतो.

वीर्यतपासणी मात्र सर्वांत आधी हवी. ती स्वस्त आहे, वेदनारहित आहे, तरीही बाईंची दुर्बीण तपासणी होऊन गेल्यावर ती सांगितली जाते, हा मला त्या बाईंवरचा अन्याय वाटतो. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा असतो आणि त्यातला काही भाग सांडला तर तसे सांगायचे असते, हे नवऱ्याला स्पष्ट शब्दांत समजावावे. नमुना शक्यतो अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोचावा लागतो. विरारहून लोकलने परळला येईपर्यंत ती वेळ उलटून जाते, म्हणून नमुना प्रयोगशाळेतच, बंद खोलीत देण्याची सोय करावी. अहवालात दोष दिसला तरी लगेच निष्कर्ष काढू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

“डॉक्टर, दोष कोणात आहे?” हा प्रश्न येतोच. “उपचार तुम्हा दोघांचा आहे,” असे दोघांच्या देखत सांगावे, अहवाल मात्र लपवू नये.

परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मल्यापासून हे तंत्र मुंबईकरांच्या ओळखीचे आहे, आणि काही जोडपी थेट तीच मागणी घेऊन येतात. अशा वेळी २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्यातील वयोमर्यादा, म्हणजे स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ वर्षे, तसेच लेखी संमतीची अट सांगावी. इंजेक्शने, भ्रूण गोठवणे आणि दुसरी खेप यांचा खर्च वेगवेगळा लिहून तो कागद त्यांच्या हाती द्यावा, आणि त्याच दिवशी आगाऊ रक्कम न घेता त्यांना घरी जाऊन विचार करू द्यावा.