कोलोसियमला जाण्याआधीची तयारी

रोमला कोलोसियम, म्हणजे ग्लॅडिएटरांच्या लढतींचं प्राचीन प्रेक्षागार, बघायला जायचं ठरलं की बॅग भरण्याआधी डोक्यातली अडगळ काढायला घ्या. ग्लॅडिएटर, म्हणजे प्राचीन रोममध्ये लोकांच्या करमणुकीसाठी शस्त्रं घेऊन लढणारा गडी, म्हटलं की आपल्याला ‘मरायला निघालेल्यांचा सलाम’ आठवतो. हा सलाम नोंदलेला आहे तो एकाच प्रसंगी, इ. स. ५२ मध्ये. क्लॉडियस या रोमन बादशहाने इटलीतल्या फुचिनो सरोवरावर जहाजांची लढाई भरवली होती आणि ते शब्द तिथे उतरवलेल्या शिक्षेच्या कैद्यांचे होते, ग्लॅडिएटरांचे नव्हेत. आखाड्यातले सगळेच गुलाम होते हेही पुसून टाका. युद्धकैदी आणि गुलाम पुष्कळ होतेच, पण कर्जापायी किंवा नावासाठी स्वतःला करारावर बांधून घेणारे स्वतंत्र नागरिकही होते. ‘जाळा, बांधा, फटके मारा, तलवारीने मारा, मी सोसेन’ अशी शपथ त्यांना घ्यावी लागे.

मग एक छोटी वही करा आणि पहिल्या पानावर तीन शब्द लिहा. लुडुस म्हणजे ग्लॅडिएटरांची तालीम. लानिस्ता म्हणजे त्या तालमीचा मालक, जो माणसं विकत घेई, घडवी आणि भाड्याने देई. तिसरा शब्द इन्फामिया, म्हणजे कायद्याने लादलेली बेअब्रू. हा शब्द नीट समजून घेतल्याशिवाय कोलोसियममध्ये पाऊल टाकू नका, असं मी कळकळीने सांगेन. ग्लॅडिएटर नट आणि वेश्यांच्या पंक्तीत बसवला जाई, त्याला नगरसभेत जागा नसे, आणि स्वखुशीने आलेला नागरिकही या डागातून सुटत नसे. त्याच माणसाचं नाव मात्र भिंतीभिंतीवर लिहिलेलं असे. नेपल्सजवळच्या, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई गावात सेलादुस नावाच्या थ्रेशियन पद्धतीने लढणाऱ्या गड्याला ‘पोरींचा उसासा’ म्हटलेलं आजही वाचता येतं. ज्याच्यासाठी गाव वेडं व्हायचं त्याला गावाच्या कारभारात बसायला बंदी, हे एका दमात मनात धरता आलं तर निम्मी तयारी झाली.

वहीच्या दुसऱ्या पानावर हिशोब लिहा. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायुस विद्यार्थ्यांना एक उदाहरण देतो: ग्लॅडिएटर धडधाकट परतला तर खेळ भरवणाऱ्याने लानिस्ताला द्यायचे त्याच्या घामाचे २० देनारी (रोमन चांदीची नाणी), मेला किंवा कायमचा जायबंदी झाला तर १००० देनारी. मग हा व्यवहार भाड्याचा की विक्रीचा? त्याचं उत्तर असं, की परतला तर भाड्याचा, मेला तर विक्रीचा. वाचून पोटात गोळा येतो. पण याच हिशोबामुळे खेळ भरवणाऱ्याला मरण महाग पडे, म्हणूनच लढतीवर पंच असत आणि हरलेल्याला अनेकदा जिवंत सोडलं जाई. सिसिलीतल्या एका थडग्यावर फ्लाम्मा या सीरियन लढवय्याची नोंद आहे: वय ३०, लढती ३४, विजय २१, बरोबरी ९, आणि ४ वेळा हरूनही जीवदान. हा दगड त्याच्यासाठी देलिकातुस नावाच्या तालीमबंधूने उभारला.

कोलोसियमचं तिकीट आधीच काढून ठेवा, त्यावर तुमचं नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या. रिंगणाखालचा तळघराचा भाग बघायचा तर वेगळं तिकीट लागतं आणि ते लवकर संपतं. पण आत शिरण्याआधी रस्त्याच्या पलीकडे, कोलोसियमच्या पूर्वेला जा. तिथे कठड्याखाली लुडुस माग्नुस दिसतो, डोमिशियन बादशहाने बांधलेली मोठी तालीम, जी १९३७ मध्ये उजेडात आली. सरावाच्या आखाड्याची अर्धी गोलाई आणि पहिलवानांच्या खोल्यांच्या भिंती वरूनच दिसतात, पैसे पडत नाहीत. इथून एक भुयार थेट कोलोसियमकडे जायचं. मला विचाराल तर ५०,००० माणसांच्या त्या भव्य लंबगोलापेक्षा या उघड्या खड्ड्याजवळ जास्त वेळ काढा. त्यांचं बरंचसं आयुष्य अशाच भिंतींच्या आत गेलं.

नेपल्ससाठी वेगळा दिवस ठेवा, मंगळवार टाळा, कारण त्या दिवशी पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं. पॉम्पेईतल्या ग्लॅडिएटरांच्या बराकीत सापडलेली नक्षीदार शिरस्त्राणं तिथे आहेत. इ. स. ५९ मध्ये पॉम्पेई आणि शेजारच्या नुचेरिया गावाच्या प्रेक्षकांत झालेल्या दंगलीचं भित्तिचित्रही तिथेच आहे. त्या दंगलीनंतर पॉम्पेईत अशा खेळांवर १० वर्षांची बंदी आली. पॉम्पेईला मजबूत बूट, टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. बराक नाट्यगृहामागे आणि ॲम्फिथिएटर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे चाल बरीच होते.

प्रवासात तुर्कस्तान असेल तर एफेसस या तिथल्या प्राचीन रोमन शहराबद्दल वाचून जा. तिथे १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. हाडांच्या तपासणीतून त्यांचा खुराक कळला: मांस कमी, बार्ली आणि कडधान्यं भरपूर. रोमन लोक त्यांना ‘बार्लीखाऊ’ म्हणतच. हाडांतलं स्ट्रॉन्शियम (कॅल्शियमसारखं एक मूलद्रव्य) जास्त निघालं, त्यावरून झाडाच्या राखेचं पेय ते घेत असावेत असं संशोधक मानतात. भरून आलेल्या जखमाही दिसतात, म्हणजे उपचार चांगले होत. पुढे जगप्रसिद्ध झालेला गालेन इ. स. १५७ पासून काही वर्षं तुर्कस्तानातल्याच पर्गामममध्ये ग्लॅडिएटरांचाच वैद्य होता.

आणि उत्तर इटलीत व्हेरोनाला थांबणार असाल तर तिथल्या ग्लाउको या ग्लॅडिएटरचं नाव वहीत लिहून घ्या. सात लढती तो जगला, आठवीत गेला. त्याची बायको ऑरेलिया आणि त्याच्या चाहत्यांनी मिळून दगड बसवला. त्यावर तो वाचणाऱ्याला सांगतो, आपापला ग्रह सांभाळा, नेमेसिस या दैवाच्या देवीवर भरवसा ठेवू नका, मी असाच फसलो. वय दिवसांपर्यंत मोजून लिहिलंय: २३ वर्षं, ५ दिवस.